झाकण मिटलं की मरणारा लॅपटॉप

माझे वडील मासेमारीच्या लाँचीवर इंजिन सांभाळायचे. इंजिन सुरू झालं नाही की त्याला पान्याने ठोकायचे, आणि घरी आम्ही ऐकलं नाही की आम्हाला. पान्याने नाही, एवढंच. लग्न ठरलं तेव्हा मी बायकोला एकच शब्द दिला होता, पोरांवर हात टाकणार नाही. मुलगी नऊ वर्षांची होईपर्यंत तो पाळला. हात शिवशिवला की राग वस्तूंवर काढायचो.

त्या वर्षी ती वस्तू म्हणजे लॅपटॉप. आर्म प्रोसेसरचा, पातळ, देखणा. मी अक्कल गहाण ठेवून आल्या दिवशीच त्यावरची मूळ सिस्टीम पुसली आणि लिनक्स चढवलं. इतर कॉम्प्युटर आपल्या पोटात काय काय आहे ते स्वतःच सांगतात. हा सांगत नाही. स्पीकर कुठे, कॅमेरा कुठे, सगळं आपणच एका फायलीत लिहून द्यायचं, आणि एक आकडा चुकला की संपलं. माझा मुका होता, आंधळाही होता. सगळ्यात वाईट म्हणजे झाकण मिटलं की तो झोपायचा आणि पुन्हा उठायचाच नाही. मग बटण दाबून धरायचं, गळा दाबावा तसं, तो पुरता मरेपर्यंत.

मुलगी शाळेतून आली की विचारायची, "बाबा, आवाज आला?" तिला त्यावर नाचाची गाणी लावायची होती. येईल, मी म्हणायचो. दोन महिने म्हणत राहिलो. तेवढ्या काळात एक माऊस अंगणातल्या चिऱ्यावर आपटून फोडला, आणि एकदा भिंतीवर अशी मूठ मारली की बोटांची सालपटं निघाली. बायको हळद घेऊन आली.

"भिंत हाय म्हणून बरं," ती म्हणाली. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं आणि उलट रागच आला.

एका रविवारी जेवण झाल्यावर, झोपेचा दोष काढायला, मी कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, नव्याने बांधायला लावला. तीन तासांचं काम. तोवर त्याच लॅपटॉपवर आवाजाची फाईल दुरुस्त करत बसलो. चारच्या सुमारास रस्त्यावर मासेवालीची हाक आली, म्हणून उठलो. बांगडे घेऊन परत येतो तर लॅपटॉप मिटलेला, आणि शेजारी मुलगी शहाण्यासारखी बसलेली.

झाकण उघडलं. काळं. बटण दाबून धरलं, पुन्हा चालू केला. बांधणी अर्ध्यातच मेली होती, आणि फाईल मी सेव्हच केली नव्हती.

"कोणी मिटला?"

"मी. उघडं टाकून उठू नये ना, विद्या जाते. तूच सांगतोस..."

पुस्तकाचं मीच सांगितलं होतं, तेही ओरडून. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात सुटला. कानाखाली. ती खुर्चीसकट भिंतीवर गेली. मी थांबलो नाही, हे लिहायलाच हवं. दुसरी मारली. तिसरीला बायकोने माझं मनगट धरलं आणि कडकडून चावा घेतला. रक्त आलं. बांगडे लादीवर पसरले होते आणि पोरगी त्यांत बसून आवाज न करता रडत होती.

"आज हात टाकलात, उद्या कोयता घ्याल," बायको म्हणाली. ओरडली नाही. "शब्द दिलेलात ना मला?" संध्याकाळच्या एसटीने ती पोरीला घेऊन लांज्याला माहेरी गेली.

कान सुजलाय, पण पडदा शाबूत आहे, एवढं तिसऱ्या दिवशी फोनवर कळलं. त्या दिवसांत मला स्वतःची किळस येत होती. आणि खोटं कशाला बोलू, काम मात्र झकास झालं. स्पीकर वाजले. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपायचा, उघडलं की जागा व्हायचा.

पाचव्या दिवशी दोघी परतल्या. बायको सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मुलीची माफी मागितली, ती "हं" म्हणाली. मग तिचं गाणं लावलं, खणखणीत. ती दारातच उभी.

"आता मिटला तरी चालतो," मी म्हणालो. "ये, तूच मीट."

ती जवळ आली. झाकणाला बोट लावण्याआधी तिने माझे दोन्ही हात कुठे आहेत ते पाहिलं. मी ते पाठीमागे नेले. तेव्हा कुठे तिने झाकण मिटलं, अगदी हळू, आणि लगेच कान झाकून घेतला.