कागदावरचं पाचवं शीर्षक

चांगलं शीर्षक सुचलं की मला आधी संशयच येतो. एकतर ते कुणाचं तरी ढापलेलं असणार, नाहीतर आतल्या लेखाला झेपणारं नसणार. म्हणून जुन्नरच्या साप्ताहिकाला लेख देताना मी वेगळ्या कागदावर पाच शीर्षकं लिहून देते आणि निवड संपादकांवर सोडते. पुढे काही बिघडलंच तर दोष द्यायला माणूस हाताशी असलेला बरा. इतकी वर्षं मास्तरकी केल्यावर एवढी हुशारी येतेच.

येडगावला आमच्या टोमॅटोला लागूनच ऊस आहे. मागच्या उन्हाळ्यात दोन दिवस त्या उसात काहीतरी खसफसत होतं. आमच्याकडे अशा वेळी एकाच जनावराचं नाव मनात येतं. बिबट्या. घरातलं कुणी त्या बाजूला फिरकेना. शेवटी माझी थोरली जाऊ, आमची आक्का, काठी घेऊन आत गेली. शेतीचा सगळा कारभार तिच्याकडेच. आत कुत्री व्यालेली होती, चार पिलं. आक्कानं तिला आपली भाकरी टाकली आणि हसत बाहेर आली.

आमच्या या फजितीवर मी लेख लिहिला. तो छापून आला, वर ठसठशीत अक्षरांत शीर्षक: ‘उसात कोण बसलंय?’

दुसऱ्या दिवशी टोमॅटो तोडायला येणाऱ्या बायांची पिकअप गाडी आलीच नाही. या बाया आणे पठारावरून येतात. टोमॅटो लालभडक झालेले, आणखी दोन दिवस राहिले तर झाडावरच सडणार. मी त्यांच्या म्होरकीला फोन लावला.

“बाई, तुमच्याच पेपरात आलंय न्हवं? समद्यांच्या मोबाईलवर फिरतंय.”

“अहो, पण आतलं वाचलंत का? कुत्री होती ती.”

“वरचं वाचल्यावर आत कशाला जायाचं?” म्हणाली आणि फोन ठेवला.

मी आक्कासमोर संपादकांच्या नावानं खडे फोडले. मेल्यांना खप हवा, दुसरं काय! हे माझ्या पाचांतलं नव्हेच, त्यांनी बदललं, याची मला खात्रीच होती. पेठ गावचे एक लेखक संपादकांच्या कचेरीत सारखे बसलेले असतात, माझ्या लेखांवर नाक मुरडतात. हा उद्योग त्यांचाच असणार, असंही मी ठरवून टाकलं. रिकामे क्रेट उचलून आक्का रानात गेली.

मी संपादकांना फोन करून चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मोबाईलवर एक फोटो धाडला. माझाच कागद, माझंच अक्षर. ‘आमची फजिती’, ‘कुत्री आणि पिलं’, ‘भिणाऱ्यांचं घर’, ‘आक्काची भाकरी’. आणि पाचवं, उसातलं. त्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

लिहिताना ते मला किती आवडलं होतं, ते तेव्हा आठवलं. आत कुत्री आहे हे मला ठाऊक होतं. वाचणारा बिबट्याच समजणार, हेही ठाऊक होतं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर पेठच्या लेखकांवरचा राग तरीही गेला नाही.

मी रानात गेले. आक्का एकटीच तोडत होती. तोडता तोडता दर थोड्या वेळानं उसाकडे बघत होती.

“आक्का, ते शीर्षक मीच दिलं होतं,” मी म्हणाले. “उगाच. लोकांनी वाचावं म्हणून.”

“उगाच कशाला देशील? पोरांना शिकवणारी बाई तू.”

“अगं, पण तू स्वतः आत गेलीस. स्वतः भाकरी टाकलीस!”

“टाकली की. कुत्री व्हती, ते मी पाह्यलं. तिच्या मागं काय व्हतं, ते कुठं पाह्यलं?”

मी शपथा घेतल्या. तिनं मान हलवली, लहान पोराची समजूत काढताना हलवतात तशी. मग माझ्या दंडाला धरून मला आतल्या सरीत ढकललं.

“तू हितनं तोड,” ती म्हणाली. “उसाकडची सरी मी घेते.”