राजपालच्या जागी दिलेली उत्तरं

राजपाल माझ्याकडं कामाला आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याची आई चांगुणाबाई त्याला घेऊन आली. बेंबळीच्या अलीकडं चार किलोमीटरवर आमचं गाव. तिथं एका घराचा गिलावा चालू होता. मी परांचीवर होतो. ती खालूनच म्हणाली, "मिस्त्री, ह्याला ऐकू येत न्हाय. बोलता येत न्हाय. काम येतं."

"काय काम येतं?"

"दाखवा, मग येतं."

मी खाली उतरलो. त्याच्या हातात थापी दिली आणि भिंतीचा हातभर तुकडा करून दाखवला. त्यानं नीट बघितलं. मग शेजारचा तुकडा केला. पहिल्या दिवशी माणूस भिंतीवर कमी आणि स्वतःच्या पायावर जास्त माल टाकतो. ह्याचे पाय कोरडे होते. मी म्हणालो, "उद्या आठला पाठवा."

"साडेसातला यील. आठला तुमी तरी येता का? साऱ्या गावाला ठावं हाय."

तेवीस वर्षं तो माझ्याबरोबर होता. सकाळी साडेसातला यायचा. फरशी बसवली की आम्ही ती ठोकून आवाजावरून पोकळ जागा ओळखतो. तो एका हातानं ठोकायचा आणि दुसऱ्या हाताचा पंजा फरशीवर ठेवायचा. आमचा कान चुकला असेल, त्याचा पंजा चुकला नाही. पोकळ निघाली तर सांगायची वाट न बघता उपटून परत बसवायचा.

आमच्या हातवाऱ्यांची चाळीसेक खुणांची भाषा तयार झाली. पाणी, वाळू, वीट, उतार, थांब, पुरे, जेवण, उद्या. कामाला तेवढी पुरते. मला वाटायचं, राजपालशी मला बोलता येतं.

पिराजी नावाचा एक मजूर होता, तोंडाचा हलका. एकदा म्हणाला, "बहिऱ्याला शिव्या दिल्या तरी फुकटच जात्यात." राजपालनं त्याच्या तोंडाकडं बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी राजपाल घमेली भरून देत होता. पिराजीचं प्रत्येक घमेलं काठोकाठ. दुपारी पिराजी खांदा चोळत म्हणाला, "मिस्त्री, ह्याला सांगा की माफ कर म्हणून." मी म्हणालो, "माफीची खूण आमच्यात न्हाय. उचल."

एक रीत इथं सांगायला हवी. साहेब साईटवर येतो. मजुराला विचारतो, किती माल टाकला, किती दिवस पाणी मारलं. मजूर बोलत नाही. उत्तर मिस्त्री देतो, आणि थोडक्यात देतो. जास्त बोललं की साहेब जास्त विचारतो. मी चाळीस वर्षं हेच केलं. राजपाल शेजारी असताना तर त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही.

त्याचं लग्न सोनारीच्या क्षमाशी झालं. तीही ऐकू न येणारी. पण ती मुक्कामाच्या मूकबधिर शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. हातांची खरी भाषा तिनं घरात आणली. राजपाल वर्षभरात ती शिकला. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून हात चालवायची, मध्येच हसायची. मी रस्त्यानं जाताना बघायचो. वाटायचं, नवराबायकोचा काही खेळ चाललाय.

त्यांना एक मुलगी झाली, रोहिणी. तिला ऐकू येतं. पण जन्मताना काही बिघडलं. उजवा हात आणि पाय आखडलेला, तोंडातून शब्द फुटत नाही, लाळ गळते. डावा हात मात्र धड. चांगुणाबाई नातीला कडेवर घेऊन शाळेत सोडायची, आणायची. शाळेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात लेकासुनेच्या वतीनं तीच बोलायची. ती बोलली की समोरच्याला पळता भुई थोडी व्हायची. बोलण्याआधी मात्र ती प्रत्येक वेळी लेकाकडं वळायची, त्याचे हात बघायची, मग बोलायची. हे मला नंतर आठवलं.

चांगुणाबाई दिवाळीत गेली. रोहिणी तेव्हा तिसरीत होती. फेब्रुवारीत शाळेतून चिठ्ठी आली. मुलीचं पुढं काय करायचं ते ठरवायला तालुक्याच्या ऑफिसात बैठक आहे, आईवडिलांनी यावं. राजपाल चिठ्ठी घेऊन माझ्याकडं आला. माझ्याकडं बोट केलं, स्वतःकडं केलं, मग तोंडाकडं. मी लगेच हो म्हणालो. मोठेपणा वाटला.

खोलीत विशेष शिक्षिका वर्षाराणी मॅडम होत्या. बाई वाईट नव्हत्या. बाहेर आणखी नऊ घरची माणसं ताटकळत होती. मॅडमनी विचारलं, "यांची भाषा कोणाला येते?"

"मला येते," मी म्हणालो. "बावीस वर्षं आहे बरोबर."

"बरं झालं काका, आलात. दुभाषी मिळत नाही हो इकडं."

त्यांच्यासमोर कागद होता. त्यांनी एकेक प्रश्न वाचला.

"मुलगी घरी बोलते का?"

"न्हाय."

"काय हवं ते खुणेनं सांगते?"

"न्हाय सांगत."

"वस्तू मोजता येतात?"

"न्हाय वाटत."

"शाळेत तिचं कोणाशी जमतं?"

"कोणाशी जमणार, मॅडम?"

"आजी गेल्यावर शाळेत कोण आणणार?"

"अवघड आहे."

"आईवडिलांचं काय म्हणणं आहे?"

"तुम्ही म्हणाल तसं."

सहा प्रश्न. सहाही उत्तरं मी दिली. राजपाल माझ्याकडं बघत होता, आणि क्षमा बघत होती मॅडमच्या ओठांकडं. एकदा राजपालनं माझ्या बाहीला हात लावला. मी पंजा आडवा धरला. थांब.

मॅडमनी बराच वेळ समजावलं. मुलीचं नाव पटावर राहील. तिला शाळेत यायची गरज नाही. आठवड्यातून एकदा शिक्षिका घरी येऊन शिकवेल. पटलं नाही तर महिन्याच्या आत लिहून द्यायचं, परत बैठक घेऊ. मग मला म्हणाल्या, "सांगा त्यांना सगळं."

मी खुणेनं सांगितलं, बाई घरी येणार, शिकवणार, चांगलं. बाकीच्याला माझ्याकडं खुणा नव्हत्या. नसल्या म्हणून मी अडलोही नाही. कामावर लागेल तेवढंच सांगायचं असतं. दोघांचे चेहरे खुलले. त्यांना वाटलं, शाळा आहेच, वर घरी पण बाई येणार. त्यांनी सह्या केल्या. येताना राजपालनं मला स्टँडवर चहा पाजला.

जूनमध्ये शाळा उघडली. राजपाल रोहिणीला नवा फ्रॉक घालून घेऊन गेला. गुरुजींनी त्यांना हातानं परत वळवलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी सहीचा कागद दाखवला. क्षमानं तो घरी आणला आणि शब्दाशब्दावर बोट ठेवत दोन दिवस वाचला.

मग दोघं माझ्या दारात आली. रोहिणी बापाच्या कडेवर. राजपालनं कागद माझ्या मांडीवर ठेवला. क्षमानं वही काढून लिहिलं, "तिथं काय विचारलं? एक एक लिहा."

मी सहा प्रश्न लिहिले. ती म्हणाली, म्हणजे लिहिलं, "उत्तर पण." मी सहा उत्तरं लिहिली. त्यात 'नाही' हा शब्द तीन वेळा आला.

राजपालनं बायकोचे हात बघून सगळं समजून घेतलं. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं रोहिणीला खाली बसवलं. माझ्या अंगणात विटा रचलेल्या होत्या. त्यानं चार विटा तिच्यासमोर मांडल्या. तिनं डाव्या हाताची चार बोटं वर केली. त्यानं तीन आणखी ठेवल्या. तिनं सात दाखवले, एकाच हातानं, त्यांच्या भाषेत सात तसाच दाखवतात. मग ती माझ्या माठाकडं बघून काहीतरी म्हणाली. हातानं म्हणाली. क्षमानं वहीत लिहिलं, "पाणी मागते. गार नको म्हणते, खोकला आहे."

मी पाणी आणलं.

चौथ्या प्रश्नावर क्षमानं बराच वेळ लिहिलं. "शाळेत भुवनेश्वरी आहे. शेजारी बसते. रोहिणीचा हात तिला कळतो. ती गुरुजींना सांगते. रोहिणी तिच्यासाठी शाळेत जाते." आणि सहाव्याच्या पुढं एवढंच, "आम्हाला शाळा पाहिजे."

महिन्याची मुदत मार्चमध्येच संपली होती.

क्षमानं स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला. परत बैठक घ्या, हातांची भाषा येणारा दुभाषी द्या. त्या अर्जामागं राजपालनं अकरा खाडे केले. पहिल्या दोनदा मी गेलो नाही, तोंड नव्हतं. तिसऱ्यांदा तालुक्याच्या त्याच ऑफिसात गेलो. टेबलावरचा माणूस मला बघून म्हणाला, "हे मिस्त्री आहेत की! मागं ह्यांनीच छान सांगितलं होतं. कशाला दुसरा माणूस बोलावताय?"

राजपालला ते कळलं नाही. मला कळलं. बाहेर बाकावर बसून मी कागद मागितला आणि लिहिलं. "मला यांची भाषा येत नाही. फेब्रुवारीच्या बैठकीत मी त्यांना न विचारता उत्तरं दिली. ती चुकीची होती. मॅडमनी सांगितलेलं मी त्यांना पूर्ण सांगितलं नाही. सिद्धलिंग मिस्त्री." तो कागद अर्जाला जोडला. टेबलावरच्यानं वाचला. म्हणाला, "काका, असं कोणी लिहून देतं का?" मी म्हणालो, "भिंत वाकडी आली तर पाडावी लागते. शिक्का मारा."

तरी दहा महिने लागले. आज माणूस नाही, उद्या पत्र नाही, परवा निवडणुकीचं काम. तोवर घरी येणारी शिक्षिका येत होती, आठवड्याला एक तास. चांगली होती. पण तिलाही तो हात कळत नव्हता. रोहिणी आधी तिच्याशी बोलायची. दिवाळीनंतर तिनं हात फ्रॉकखाली धरायला सुरुवात केली.

दुसरी बैठक एप्रिलमध्ये झाली. लातूरहून करिश्मा नावाची दुभाषी एसटीनं आली. तिनं पहिल्यांदा खुर्च्या हलवल्या. राजपाल-क्षमाच्या समोर मॅडम, मॅडमच्या शेजारी स्वतः. मग मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी कोणी नाही. मागं बसतो."

तेच सहा प्रश्न. राजपालचे हात सुरू झाले. असे मी कधी बघितले नव्हते. भराभर, मध्येच हळू, मध्येच क्षमाकडं बघून दुरुस्त करत. करिश्मा बोलत होती, पण 'मी' म्हणत होती. "मी गवंडी आहे. माझी मुलगी शंभरपर्यंत मोजते. आई गेल्यावर मीच तिला सोडणार होतो, म्हणून गाडीला पुढं सीट बसवून घेतली होती."

ती सीट मी बघितली होती. कशासाठी आहे ते विचारलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "हे मागच्या वेळीच बोलायला हवं होतं."

राजपालचे हात थोडेच हलले. करिश्मा म्हणाली, "मागच्या वेळी मला कोणी विचारलं नाही."

माझं नाव त्यानं घेतलं नाही. मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "मीही विचारलं नाही. तुमच्याकडं बघूनसुद्धा बोलले नाही." पंचावन्न मिनिटं बैठक चालली. मागची बारा मिनिटांची होती. जूनपासून मुलीला शाळेत बसवायचं, चौथीत, असं ठरलं.

जूनमध्ये पहिल्या दिवशी मीही फाटकापर्यंत गेलो. रोहिणी गाडीवर पुढच्या सीटवर होती. उतरली, भिंत धरत वर्गाच्या दारापर्यंत गेली आणि आत बघत उभी राहिली. आमची शाळा चौथीपर्यंत आहे. तिच्या वर्गातली पोरं पाचवीला बेंबळीला गेली होती. भुवनेश्वरी त्यांच्यातच. आत सगळी लहान, अनोळखी पोरं. तिनं बापाकडं वळून डावा हात फ्रॉकखालून काढला, दोन्ही खांद्यांवर आळीपाळीनं टेकवला आणि पंजा उलटा केला.

ती खूण मला तेव्हा येत नव्हती. राजपालला येत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

ती वर्गात तासभर बसते. मग दाराशी येऊन उभी राहते. राजपाल कामावरून येऊन तिला नेतो. गुरुजी म्हणतात, हळूहळू वेळ वाढेल. वाढलेला नाही. शेजारच्या पोरांना तिचा हात अजून कळत नाही, आणि ती तो फार काढत नाही.

मी आता काम सोडलंय. रोज संध्याकाळी क्षमाकडं जातो, तास घालवतो. पासष्ट खुणा झाल्यात. बोटं थापीला वळलेली, नीट उघडत नाहीत. चुकलं की रोहिणी माझ्या मनगटावर चापट मारते. क्षमा हसते.

दोन्ही खांद्यांवर हात म्हणजे दोन वेण्या, म्हणजे भुवनेश्वरी. पंजा उलटा म्हणजे कुठं. रोहिणी अजूनही मधूनच मला ते विचारते. मला उत्तर माहीत आहे, खुणाही आता येतात. पण मी हात मांडीवर ठेवतो आणि तिच्या आईकडं बघतो.