परातीतलं पाणी

समुद्र संशोधन केंद्रासाठी ताई परदेशातून येऊन किनाराभर पसरलेलं लाल शेवाळ कागदावर उतरवायची. परातीतल्या पाण्यात तुरा तरंगत सोडायचा, खालून कागद सरकवायचा आणि ब्रशनं एकेक फांदी मोकळी करायची. वाळल्यावर शेवाळ आपल्याच चिकानं कागदाला धरून बसे. शास्त्रज्ञ त्यावरून जात ओळखत, पाहुणे चित्र म्हणून बघत राहत.

भाऊ मासेमारी करायचा. "ह्या शेवाळानं माझी जाळी खाल्ली, आणि तू ह्यालाच नटवतेस?"

"अरे, वैऱ्याचं तोंड ओळखायला नको?" ताई हसायची.

शेवाळ न पोचलेली, त्याला मासे मिळावेत अशी एकच खाडी उरली होती, घरामागची. केंद्रात परातीतलं पाणी उकळूनच टाकत. घरी काम करताना मात्र ताई ते मागच्या पायरीवरून खाडीत ओतून द्यायची. पाणीच तर आहे, असं तिला वाटे.

एके सकाळी भाऊ जाळं ओढत आला. जाळं लालभडक झालं होतं.

"ताई, इथं कुठून आलं गं हे?"

नखाएवढ्या तुकड्यातूनही ते वाढतं, हे तिला ठाऊक होतं. ती कोपऱ्यातल्या परातीकडे बघत राहिली.

"माझ्या परातीतून," ती म्हणाली.

जाळं तिथंच टाकून भाऊ निघून गेला. त्यात अडकलेला तुरा फार देखणा होता, पण ताईला ब्रश उचलवेना.