खलमावशींचं चुंबक

आमच्या प्रयोगशाळेत खलमावशींनी सव्वीस वर्षं अकीकाच्या खलात पावडरी घोटल्या. पदवी नाही, पण हात असा की यंत्रानं तोंडात बोट घालावं!

त्या दिवशी मी शहाण्यानं दहा मुशींना कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या आणि तेराशे अंशांच्या भट्टीत ठेवल्या. मुशी बाहेर आल्या, चिठ्ठ्यांची राखसुद्धा उरली नव्हती. आत पावडर दाबून केलेल्या दहा काळ्या टिकल्या, सगळ्या सारख्या! पाच शुद्ध लॅन्थनम मँगनीज ऑक्साइडच्या, पाचांत थोडं स्ट्रॉन्शियम मिसळलेलं. ओळखायच्या कशा? तपासून सांगणाऱ्या मोजणीयंत्रावर आमचा नंबर दोन महिन्यांनी. सर लालबुंद झाले.

"रडतोस काय?" म्हणत मावशींनी स्वतःच्या कपाटाच्या दाराचं चुंबक काढून आणलं. पहिली टिकली ढिम्म. दुसरीही ढिम्म. तिसरी टुणकन उडून चिकटली! मी चक्क ओरडलो.

"शुद्ध मालात अणूंचं एकमत नाही," मावशी म्हणाल्या. "फार थंड केलं, तर थराथरानं एकमेकांकडे पाठ फिरवतात, आम्हा चार जावांसारखी. मग सगळ्यांचा जोर मिळून शून्य! स्ट्रॉन्शियम घातलं, की या खोलीतसुद्धा सगळे एकाच बाजूला बघतात."

दोन मिनिटांत पाच इकडे, पाच तिकडे! सर थक्क. "मावशी, हे शिकलात कुठे?"

"मी घोटलेलं भट्टीतून काय होऊन आलं, ते बघायला नको? प्रत्येक टिकलीला चुंबक लावलंय मी."

"आणि तुम्ही चार जावा? झालात का कधी एक?" मी विचारलं.

"झालो की. सासूबाई राहायला आल्या."