चार किलोमीटर रिव्हर्स

चूक माझीच होती. हे वाक्य मी सत्तर वर्षांत फार वेळा उच्चारलेलं नाही. तेव्हा चहा निवायच्या आत नीट ऐकून घ्या, पुन्हा सांगणार नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण स्टिअरिंग चाळीस वर्षं हातात आहे. आधी दुसऱ्याचा ट्रॅक्टर, मग स्वतःचा, आणि आता ही जुनी पांढरी चारचाकी. आमच्या जानेफळ गावाच्या आसपासचे सगळे रस्ते मला खड्ड्यांसकट पाठ आहेत.

आता आमच्याकडच्या आतल्या रस्त्यांचा एक कायदा सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. या रस्त्यांवर डांबर एका गाडीपुरतंच. समोरून दुसरी आली की कोणीतरी एका बाजूचं चाक मातीत उतरवायचं. ज्याने आधी डांबर सोडलं तो लहान, ज्याने सोडलं नाही तो मोठा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. मी एसटीसाठीही डांबर सोडलेलं नाही. एकदा समोरून खुद्द जावई आला, तरी सोडलं नाही. जावई उतरला. चांगला नाल्यापर्यंत उतरला.

तर दोन वर्षांपासून असं झालं, की रात्री समोरून गाडी आली की माझ्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं. दोष डोळ्यांचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दोष या नव्या दिव्यांचा. पूर्वी गाड्यांचे दिवे पिवळे होते, माणसात होते. समोर वडीलधारी गाडी दिसली की नजर खाली करायचे. आता काय? एकेक जण बोनेटवर लग्नाचा मांडव बांधल्यासारखा सुटतो!

माझा मुलगा सुनील एका रात्री जेवताना म्हणाला, "आबा, दिवस बुडाल्यावर तुम्ही गाडी चालवू नका. चावी माझ्यापाशी राहू द्या."

माझा घास हातातच राहिला. चावी द्यायची? ज्याला मी मांडीवर बसवून ट्रॅक्टर शिकवला, त्याला? मी त्याला सांगितलं, की काय परीक्षा घ्यायची ती घे, पण चावी मिळणार नाही.

त्याने परीक्षाच लावली. म्हणाला, आईला मेहकरला मावशीकडे घेऊन जा, अंधार पडल्यावर परत आणा. आई म्हणाली 'नीट आणलं', तर चावी जन्मभर तुमची. नाही म्हणाली, तर त्याच मिनिटाला माझी.

मी हो म्हणालो. आता तुम्हीच सांगा, बायको पंच असलेला सामना आजवर कोणी जिंकला आहे का? पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

थंडीचे दिवस. साडेसहालाच गुडुप अंधार. मेहकरहून मी मुद्दाम आतल्या रस्त्याने निघालो. तिकडे गाड्या कमी, म्हणजे दिवे कमी. याला डोकं म्हणतात. आमची द्वारका शेजारी बसली होती, हात मांडीवर, नजर रस्त्यावर. पंच बोलत नव्हता.

जानेफळ चार-पाच किलोमीटर राहिलं. एक वळण घेतलं आणि समोर उजेड फुटला!

दिवे दोन. उंचावर, लांब लांब. ट्रक असणार. पांढराफटक झोत सरळ डोळ्यांत. आजूबाजूचं झाड दिसेना, रस्ता दिसेना. दिवे मोठे मोठे होत आले. मी डांबराच्या बरोबर मध्यभागी गाडी उभी केली आणि डिपर मारला. एक, दोन, तीन.

आणि काय सांगू! दिवे मागे सरकायला लागले.

"पाह्यलं?" मी द्वारकाला म्हणालो. "रिव्हर्स घेऊन राह्यला."

"काऊन?" ती म्हणाली.

"काऊन म्हणजे? गाडी ओळखली त्यानं."

मी पुढे निघालो. वेग वाढवला तसे दिवे पुन्हा मोठे झाले. म्हणजे पठ्ठ्या परत अंगावर येतोय. पुन्हा डिपर. पुन्हा तो मागे, या वेळी चांगलाच पळत. माझी छाती भरून आली. आयुष्यात अनेकांनी माझ्यासाठी डांबर सोडलं होतं. पण आल्या वाटेने उलटं जाणारा पहिल्यांदाच भेटला.

रस्त्यात एक अरुंद पूल आहे, कठडे नसलेला. दिवसा सरळ जातानाही माणूस देवाचं नाव घेतो. हा गडी तो पूल उलटा उतरला! पुढची दोन वळणंही उलटीच घेतली. मी स्वतः एकदा ट्रॉली लावून अर्धा किलोमीटर रिव्हर्स गेलो होतो. आठ दिवस मान वळत नव्हती. त्यामुळे मला कदर होती. मी द्वारकाला तसं म्हणालोसुद्धा, की ड्रायव्हर लाखात एक आहे, फक्त त्याला डिपर द्यायची अक्कल नाही.

"मले त वाटते," द्वारका म्हणाली, "तो मागं नाई, पुढं चालला."

"तुले गाडीतलं काय समजते?"

ती गप्प बसली. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली. ती गप्प बसली की मी जिंकलो असं मी इतकी वर्षं धरत आलो. त्या दिवशीही धरलं.

पुढे तो थांबला. मीही थांबलो. तो हलेना, मीही हलेना. एवढ्यात माझ्या मागे आणखी एक गाडी येऊन उभी राहिली आणि भोंगा वाजवू लागली. मी आरशातून तिच्याकडे पाहिलंही नाही. वाजवू दे. एक माणूस अंधारात एवढी कसरत करतोय, त्याला दोन मिनिटं दम खाऊ द्यायला नको?

मग मागून एक मोटरसायकल आली. आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी. त्यांनी खिडकीशी गाडी थांबवून विचारलं, "काय झालं आबा? बंद पडली का?"

"बंद नाई पडली गुरुजी. तो समोरचा रिव्हर्स घेऊन राह्यला. तीन किलोमीटर झाले. त्याच्यासाठी थांबलो."

गुरुजींनी त्या दिव्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग वाकून द्वारकाकडे पाहिलं. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता. मला वाटलं, थंडी वाजते आहे.

"हाव आबा," गुरुजी म्हणाले, "सावकाश येऊ द्या. घाई नाई." आणि कडेने मोटरसायकल काढून निघून गेले. शिकलेला माणूस. उगाच वाद घातला नाही.

आम्ही निघालो. समोर तो उलटा, मध्ये मी, माझ्या मागे ती भोंगावाली गाडी. अशी आमची मिरवणूक आणखी एक किलोमीटर चालली आणि जानेफळच्या तोंडाशी आली. तिथे चहाची टपरी आहे. दिवे तिथे थांबले. टपरीपुढे बरीच माणसं उभी होती. थंडीत, चहा हातात न घेता, नुसती उभी. गुरुजीही होते. आणि सुनीलही होता.

बरं झालं, मी म्हटलं. साक्षीदार आयतेच मिळाले.

मी गाडी बंद केली, धोतर नीट केलं आणि खाली उतरलो. त्या ड्रायव्हरचं कौतुक करायचं आणि त्याला दोन शब्द शिकवायचे, असं ठरवलं होतं. मोठ्या माणसाने दोन्ही करावं. एक हात डोळ्यांवर धरून मी त्या उजेडात शिरलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बाबू, चार किलोमीटर उलटा आला तू. हात हाय तुले, मानलं. पण समोर वडील माणूस दिसला की दिवा खाली करत जाय."

मी हात पुढे करून बोनेट चाचपलं.

बोनेटला दात होते.

लोखंडी, वाकडे, मातीने भरलेले. रोटाव्हेटर! शेताची माती भुसभुशीत करायचा तो फिरत्या पात्यांचा सांगाडा. तो ट्रॅक्टरच्या पुढे नसतो. तो मागे असतो. आणि अंधारात त्याचं काम दिसावं म्हणून हल्ली ट्रॅक्टरच्या छपरावर मागच्या बाजूला दोन पांढरे दिवे लावतात. एवढी वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल का? ठाऊक होतं. रस्त्यावर आठवलं नाही, एवढंच.

छपराखालून रशीद उतरला. आमच्याच गावचा, भाड्याने नांगरणी करतो. शेतातून येताना ते दिवे बंद करायला विसरला होता.

"आबा, तुम्ही होता काय?" रशीद म्हणाला. "मी म्हटलं, मागून कोणी डिपर मारून राह्यलं, कोणाले दवाखान्यात नेत असन. म्हणून ट्रॅक्टर पयवला मी. मंग तुम्ही थांबले, त मले वाटलं बंद पडली. म्हणून मीही थांबलो. म्हटलं, लागलं त दोर लावून ओढून नेऊ."

"ओढून?" मी म्हणालो.

"हाव. म्हटलं, असन कोणी म्हातारा माणूस."

टपरीपुढे एकही जण हसला नाही. हे फार वाईट असतं. माणसं हसली असती तर मी रागावू शकलो असतो. सगळे जण जमिनीकडे पाहत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

सुनील पुढे आला. मला वाटलं, चावी मागेल. त्याने मागितली नाही. त्याने आईकडे पाहिलं. द्वारका गाडीतून उतरली, पदर तोंडातून काढला, आणि पंचाने निकाल दिला.

"गाडी नीट चालवली," ती म्हणाली. "कुठं ठोकली नाई, खड्ड्यात घातली नाई. फक्त चार किलोमीटर समोरच्या ट्रॅक्टरचं तोंड कुठं अन् पाठ कुठं, हे यायले समजलं नाई. आता तूच पाय, बाबू."

तुम्हीच सांगा, हा निकाल कुठल्या बाजूचा? मी क्षणभर विचार केला. भांडता आलं असतं. ठोकली नाही हे तिने स्वतः कबूल केलं होतं. पण आजूबाजूला पंधरावीस माणसं होती, आणि माणसाने हरायचं तरी ताठ मानेने हरावं. मी खिशातून चावी काढली आणि सुनीलच्या हातावर ठेवली.

"घे," मी म्हणालो. "रात्रीचं तू चालवत जाय. मले काही भेव नाई. पण तुलेही सराव पायजे."

सुनीलने चावी घेतली. "हाव आबा," म्हणाला. पोरगं गुणी आहे.

मी वळलो. रशीदचे ते दोन दिवे अजून तसेच जळत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं होतं. पण पाऊल डगमगू दिलं नाही. ताठ चालत पांढऱ्या गाडीपाशी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा डावीकडचं दार उघडलं. बसलो. पट्टा लावला. शेजारी कोणीतरी बसलेलं होतं. पाहिलं नाही, हरलेल्या माणसाने मुलाच्या तोंडाकडे लगेच पाहू नये. सरळ समोर पाहत, शांतपणे म्हणालो, "चाल. अन् दिवा डिपरवर ठेव."

गाडी जागची हलली नाही.

"आबा," शेजारून अनोळखी आवाज आला, "कुठं सोडू तुम्हाले?"

ती मागची भोंगावाली गाडी होती. तीही पांढरीच.

आता उतरणं म्हणजे सगळ्या गावापुढे पुन्हा एकदा कबूल करणं. ते मला जमणारं नव्हतं. मी मान हलवली नाही. म्हणालो, "जानेफळ."

त्या माणसाने समोरच्या टपरीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "आबा, हे जानेफळच होय."