शून्य वेगाचा वायू आणि रिकामी शेड

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कॉलेजच्या समारंभात शाल घालून मला 'थोर संशोधक' म्हणतात, त्यावरही नाही. मी भिवंडीत फिजिक्स शिकवतो आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी पीएचडी करतोय. विषय: तारे जन्माला घालणाऱ्या महाकाय तेजोमेघांत वायू कसा हलतो.

भिवंडीतच टेमघरला आमची यंत्रमागांची शेड आहे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, लूम विकले, शेड धुऊन घेतली. घरी वाट बघणारं कोणी नाही, म्हणून तिथेच लॅपटॉप घेऊन बसतो.

मार्चमधली दुपार, तीनचा सुमार. वीज गेलेली. सोमवारी प्रबंधाचं प्रकरण द्यायचं होतं, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. मेघाच्या मधोमध वायूचा वेग शून्य येत होता... आणि ते काही केल्या पटत नव्हतं. शेवटी 'स्थिर' लिहून मोकळा होणार, तोच शेजारच्या शेडचे रफिकचाचा डोकावले.

"मास्टरजी, खाना खाया?"

"खाल्लं." (खोटं.)

"इसमें क्या देखते हो दिनभर?"

"ढग. हा मधला हलतच नाही."

"हमारे मुकादम जैसा!" हसत त्यांनी दार ओढून घेतलं.

आणि मग... पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हात, लूम चालू असताना उडते तशी कापसाची रुई तरंगताना दिसली. अर्धी माझ्याकडे येत होती, अर्धी दूर जात होती — एकमेकींतून, न अडखळता. वारा नाही, पंखा बंद.

कॉलेजात शिकत असताना मी लूमवर शेजारचे दोन तुटके धागे एकच समजून गाठ मारायचो. खडखडाटात ओरडून उपयोग नसे. बाबा लांबूनच दोन बोटं दाखवायचे. दोन आहेत!

मी गणित पुन्हा मांडलं. एक वायू नव्हताच. एक येणारा, एक जाणारा. सरासरी काढली की शून्य. पुढे प्रकरण मंजूर झालं.

त्या दुपारीच, वीज आल्यावर, रुई दाखवायला चाचांना बोलावलं. त्यांनी फरशीवरून बोट फिरवलं. स्वच्छ.

"दो साल से यहाँ रुई कहाँ, मास्टरजी? अब तो खाना खा लो."

त्यांच्या शेडमधून आली म्हणावं, तर मध्ये भिंत आणि त्यांचेही लूम तेव्हा बंद. उपाशीपोटी भास? असेल. पण मला न सुचलेलं उत्तर भासाला कसं सुचलं, हे आजही कळलेलं नाही.

गाइडना मी 'फेरतपासणीत लक्षात आलं' एवढंच सांगितलं. रोज तीनला दार लावून बसतो, हे सांगितलं नाही.