जप चालू आहे

निवृत्त झाल्यावर काही माणसं गुडघे धरून बसतात. दादाने गायत्री धरली. 'धरली' हा शब्द त्याच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे धाकटीचा. गर्दीत एखादा खांब धरून उभा राहतो, आपल्याला आधार हवा म्हणून आणि दुसऱ्याला मिळू नये म्हणूनही, तशी त्याने ती धरली असं तिचं मत होतं.

दादाची नोकरी कारखान्याच्या स्टोअरमधली. सगळी हयात त्याने एका जाळीच्या खिडकीमागे काढली. कुणाला हातमोजे हवेत, कुणाला बल्ब, कुणाला चार नटबोल्ट. माल मागच्या फळीवर ढळढळीत दिसत असायचा, पण दादा मान वर करेपर्यंत माणसाने ताटकळत उभं राहायचं. त्या ताटकळण्यातच त्याचं सगळं सुख. सुट्टीच्या दिवशी त्याचा चेहरा दुधात लिंबू पिळल्यासारखा व्हायचा, कारण घरात ताटकळायला कुणी नसे.

नोकरी संपली, खिडकी गेली, आणि हा घरभर हरवल्यासारखा फिरू लागला. मग कुणीतरी त्याला गोमुखी आणून दिली. जपमाळ झाकायची ती कापडी पिशवी. हात आत घालायचा, माळ कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही, मेरुमणी ओलांडायचा नाही, तर्जनी माळेला लावायची नाही, आणि माळ पुरी होईतो बोलायचं नाही. बाकीचे नियम त्याने ऐकल्यासारखे केले. 'बोलायचं नाही' हा मात्र त्याच्या काळजाला भिडला. खिडकी परत मिळाली होती.

वहिनी सांगायला आली की गॅस संपला, हात पिशवीत. शेजारी म्हणाले तुमच्या नळाने आमची भिंत भिजते, हात पिशवीत. डोळे मिटायचे, ओठ हलायचे, आणि चेहरा असा करायचा की बोलणाऱ्यालाच आपण चपला घालून देव्हाऱ्यापाशी आल्यासारखं वाटावं. घरात एकच वाक्य उरलं. जप चालू आहे.

धाकटीला गायत्री आईने शिकवली होती. आई मागच्या खोलीत अंथरुणाला खिळली, आणि तिचं सगळं धाकटीनेच केलं. कूस बदलणं, भरवणं, धुणं, पुसणं. त्याच खोलीत खिडकीशी धाकटीचं शिवणयंत्र. लोकांचे कपडे शिवून ती आपला खर्च भागवायची आणि शिवता शिवता आईकडे लक्ष ठेवायची. उजाडताना आई तिला म्हणायला लावायची, आणि एकदा म्हणून झालं की अर्थ विचारायची. त्या सवित्याच्या उत्तम तेजाचं आम्ही ध्यान करतो, त्याने आमच्या बुद्धीला चालना द्यावी. एवढंच. "बघ," आई सांगायची, "यात काही मागितलेलं नाही. मागितलंय ते डोकं. तेही एकटीला नाही, सगळ्यांना." मग दूध गरम करायला पाठवायची.

आई गेली ती दादाचा हात धरून, ही खोली धाकटीची असं त्याच्याकडून वदवून घेऊन. तेव्हा पिशवी नव्हती. तोंडाने 'हो' म्हणाला होता.

दादाच्या डोक्याला चालना मिळाली ती वेगळीच. त्याने पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला. सकाळी आठदहा जण यायचे, निवृत्त मंडळी, बँकेतल्या एक बाई, साखर वाढलेले एक काका. दादा त्यांना सांगायचा की या मंत्राच्या कंपनांनी साखर उतरते, झोप लागते, रागीट साहेबाची बदली होते. बँकेतल्या बाई वहीत उतरवून घ्यायच्या. सवित्याची गोष्ट कधी निघायची नाही. दादाकडे द्यायला एवढा माल असताना सूर्याला कोण विचारतो? धाकटीने एकदा आपणही बसू का म्हणून विचारलं, तर म्हणाला, तू चहाचं बघ, तुझ्या वाटचा जप मी करतो. धाकटी चहा टाकायला गेली. आपल्या वाटची आंघोळही हाच करणार का, हे तिने पातेल्याला विचारलं.

वर्ग वाढला आणि पुढची खोली अपुरी पडू लागली. दादाने ठरवलं की मधली लाकडी भिंत पाडायची, मागची खोली मिळवून मोठा साधनाकक्ष करायचा. हे धाकटीला कळलं ते वहिनीकडून, भाजी निवडताना. धाकटीने कुठे जायचं? 'थोडे दिवस' मोठ्या बहिणीकडे, दुसऱ्या गावी. तिथे तिला ओळखणारं एकही गिऱ्हाईक नाही, आणि मोठीच्या घरात शिवणयंत्र ठेवायचं तर ते न्हाणीघरात.

धाकटी विचारायला गेली. हात पिशवीत. जेवायच्या आधी गेली, हात पिशवीत. सुताराचा दिवस ठरला तरी 'हो' नाही, 'नाही' नाही. निदान तोंडावर हाकलशील तर मी भांडेन तरी, असं ती त्याच्या मिटलेल्या डोळ्यांना म्हणाली. पापणी जराशी हलली. ऐकत होता लबाड.

सुतार आला तो नेमका वर्गाच्या वेळी. वहिनीसकट सगळे पूर्वेकडे तोंड करून बसलेले, प्रत्येकाचा हात पिशवीत. आदल्याच दिवशी दादाने बजावलं होतं की माळ चालू असताना शब्द तर सोडाच, नुसता हुंकार दिला, मान हलवली, डोळ्यांनी खूण केली, तरी सगळा जप मातीत गेला. साखरवाल्या काकांना मधेच शिंक आली म्हणून त्याने त्यांना पहिल्यापासून सुरुवात करायला लावली होती.

सुताराने अवजारांची पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, कुठली भिंत पाडायची, साहेब?

साहेब गप्प. वर्ग गप्प. घरात ज्याला बोलायची मुभा आहे असं एकच माणूस होतं, आणि ते दारात चहाचं पातेलं घेऊन उभं होतं. धाकटीच्या ते लक्षात आलं तेव्हा तिला हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं.

"भिंत पाडायची नाही," ती म्हणाली. "ही खोली माझी. आईने मला दिली, दादाने तिच्यासमोर हो म्हटलंय. तुम्ही आलाच आहात तर दाराला आतून मजबूत कडी बसवून द्या."

सुताराने दादाकडे बघितलं. "साहेब, ताई म्हणतात तसं करू ना?"

धाकटीने पिशवीकडे बघितलं. इतका वेळ आतली बोटं सरकत होती, ती थांबली होती. दादाचा चेहरा खालून वर लाल होत गेला, कपाळाची शीर फुगली, ओठ एकदा उघडले. बँकेतल्या बाईंनी एक डोळा किलकिला करून गुरुजींकडे पाहिलं. ओठ मिटले.

बहिणीचं छप्पर काढताना ज्याला काही वाटलं नाही, त्याला भरल्या वर्गापुढे एक 'नाही' म्हणणं जड गेलं. एवढीच त्याची तपश्चर्या.

"दादा, तुझी हरकत असेल तर आत्ता सांग," धाकटी म्हणाली. "मी थांबते." आणि खरंच थांबली, पदराला हात पुसत. मग सुताराला म्हणाली, "बसवा."

सुताराने छिद्रं पाडली. प्रत्येक ठोक्याला दादाच्या गालाची शीर उडत होती. वहिनी मागच्या रांगेत पिशवीत हात घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते, आणि ते भक्तीने हलत नव्हते.

माळ संपली. दादाने तोंड उघडण्याआधीच बँकेतल्या बाई त्याच्या पायाशी वाकल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. सख्ख्या बहिणीला खोली देऊन टाकली आणि चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही, याला म्हणतात साधना. साखरवाले काकाही वाकले. दादाने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, लाल चेहरा हळूहळू निवला, आणि मग त्याने हात वर करून आशीर्वाद दिला. त्याग, तो म्हणाला, मंत्राचा खरा अर्थ त्याग. धाकटी आत निघून गेली. हसू तरी किती वेळ दाबायचं.

त्यानंतर ती गोष्ट तो स्वतःच सांगू लागला. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा, आईचं नाव घेताना आवाज कापरा करायचा. भिंतीपलीकडे धाकटीला सगळं ऐकू जायचं. तिला राग येत नसे. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा वाटावा लागतो. उजाडताना ती खिडकीशी बसून आईने शिकवल्यासारखा मंत्र म्हणायची, आणि ज्याने आपल्या डोक्याला वेळेवर चालना दिली त्या सवित्याला मनापासून हात जोडायची.

एकदा वर्ग सुटल्यावर दादा तिच्या दाराशी आला. बगलेत चटयांची गुंडाळी होती. पुढच्या खोलीत अडचण होते, तर एवढ्या तुझ्याकडे ठेवू का, असं त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.

धाकटीने यंत्र थांबवलं. त्याला ताटकळत ठेवलं नाही.

"नाही," ती म्हणाली, आणि पुढची शिवण घातली.